कोळसा, सिमेंट, तेंदूपाने आणि स्पर्धा कायदा

मोहर्ली (जि. चंद्रपूर) : चंद्रपूर शहरातून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता जेमतेम तीस किलोमीटरचा आहे. वाघ पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून येणारा पर्यटक या रस्त्याने जाताना आधी दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी पाहतो, मग पद्मापूर परिसरातील कोळशाच्या खाणी आणि मातीचे कृत्रिम डोंगर ओलांडतो आणि त्यानंतरच जंगलात शिरतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, राजुरा आणि कोरपना तालुक्यांत, सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. पूर्वेला वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीचे तेंदू आणि बांबूचे जंगल सुरू होते.

कोळसा, सिमेंट आणि वनोपज या तीन वस्तूंवर या दोन जिल्ह्यांच्या अर्थकारणाचा मोठा भार आहे. शहरी वाचकाचाही त्यांच्याशी रोजचा संबंध येतो. कोळशाची किंमत विजेच्या बिलात उतरते आणि सिमेंटची किंमत घराच्या किमतीत. या किमती खुल्या बाजारात ठरतात की मूठभर विक्रेते वा खरेदीदार आपसात त्या ठरवतात, यावर लक्ष ठेवण्याचे काम ज्या कायद्याकडे आहे, तो स्पर्धा कायदा. या कायद्याखाली देशभर गाजलेल्या काही प्रकरणांचे धागे चंद्रपूरपर्यंत येऊन पोहोचतात. त्यामुळे हा किचकट वाटणारा कायदा समजून घेण्यासाठी या परिसराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

जुना कायदा, नवा कायदा

भारतात मक्तेदारीविरोधी कायदा पूर्वीही होता. १९६९ चा 'मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा', म्हणजेच एमआरटीपी कायदा, परवाना राजवटीच्या काळातील होता. आर्थिक सत्ता थोड्या उद्योगसमूहांच्या हाती एकवटू नये, हा त्याचा प्रमुख हेतू होता. उद्योग किती मोठा आहे, याकडे त्याचे मुख्य लक्ष असे. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि हा दृष्टिकोन कालबाह्य ठरू लागला. जागतिक बाजारात उतरायचे तर उद्योग मोठा असणे हा दोष मानता येत नव्हता.

केंद्र सरकारने १९९९ मध्ये एस. व्ही. एस. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून स्पर्धा कायदा, २००२ तयार झाला. आयोगाच्या रचनेवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि मुख्य तरतुदींची अंमलबजावणी २० मे २००९ रोजी सुरू झाली. कंपन्यांच्या विलीनीकरणाविषयीच्या तरतुदी १ जून २०११ पासून लागू झाल्या. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाचे मुख्यालय नवी दिल्लीत आहे.

कायद्याचा गाभा तीन गोष्टींत सांगता येतो. कलम ३ स्पर्धेला मारक ठरणाऱ्या करारांना मनाई करते. कलम ४ बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर रोखते. कलम ५ आणि ६ यांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या विलीनीकरणाला आणि ताब्याच्या व्यवहाराला आयोगाची पूर्वपरवानगी लागते. मोठे असणे या कायद्याला खटकत नाही. मोठेपणाच्या बळावर इतरांची वाट अडवणे खटकते.

एकाच विक्रेत्याचा बाजार

कलम ४ समजून घेण्यासाठी मोहर्लीच्या रस्त्यावरील खाणी आणि वीज केंद्र यांचे नाते पाहावे. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट असून ते महानिर्मिती या राज्य सरकारच्या कंपनीचे आहे. परिसरातील खाणी नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड अर्थात 'वेकोलि'च्या आहेत आणि वेकोलि ही कोल इंडियाची उपकंपनी. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर अनेक दशके देशातील कोळशाचा बाजार जवळजवळ कोल इंडियाच्याच हाती होता. वीज केंद्राला कोळसा पसंत पडला नाही, तर दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नव्हती.

महानिर्मितीने वेकोलि आणि ओडिशातील महानदी कोलफिल्ड्स यांच्या विरोधात स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. गुजरातच्या वीज कंपनीचीही अशीच तक्रार होती. इंधन पुरवठ्याच्या करारातील अटी एकतर्फी आहेत, कोळशाची प्रत तपासण्याची पद्धत विक्रेत्याच्या सोयीची आहे आणि ठरलेल्या प्रतीचा कोळसा मिळत नाही, असा या तक्रारींचा आशय होता.

आयोगाने ९ डिसेंबर २०१३ रोजी कोल इंडियाला वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल दोषी धरले आणि १,७७३.०५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हा दंड कंपनीच्या सरासरी उलाढालीच्या तीन टक्के होता. अपिलात २०१६ मध्ये तत्कालीन स्पर्धा अपीलीय न्यायाधिकरणाने नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर हा आदेश रद्द केला. फेरसुनावणीनंतर २४ मार्च २०१७ रोजी आयोगाने कोल इंडियाला पुन्हा दोषी ठरवले, दंड मात्र एक टक्क्यावर, म्हणजे ५९१.०१ कोटी रुपयांवर आणला.

या प्रकरणातील सर्वांत मूलभूत प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. आपण नफ्यासाठी चालणारी खासगी कंपनी नसून राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातून आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ब) मधील लोकहिताच्या तत्त्वातून उभी राहिलेली संस्था आहोत, त्यामुळे स्पर्धा कायदा आपल्याला लागूच होत नाही, असा कोल इंडियाचा युक्तिवाद होता. १५ जून २०२३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. सरकारी मालकीची कंपनी बाजारात व्यवहार करत असेल, तर तिलाही हा कायदा पाळावा लागेल, असे या निकालाने स्पष्ट केले. संरक्षण, चलन, अणुऊर्जा, अवकाश यांसारखी सरकारची सार्वभौम कार्ये तेवढी कायद्याबाहेर आहेत.

सामान्य वीजग्राहकासाठी या वादाचा अर्थ सोपा आहे. वीज केंद्राचा इंधनावरील खर्च वाढला की त्याचा मोठा भाग इंधन समायोजनाच्या रूपाने बिलात येतो. कोळशाऐवजी दगड-माती आली, तर तिची किंमत अखेर घरोघरच्या मीटरवरच चढते.

सारखे दर आणि संगनमत

कलम ३ चा सर्वांत कठोर भाग कार्टेलविषयी आहे. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या उद्योगांनी मिळून दर ठरवणे, उत्पादन वा पुरवठा रोखणे, बाजारपेठ वा ग्राहक वाटून घेणे आणि निविदांमध्ये संगनमत करणे, असे चार प्रकार त्यात येतात. असा करार सिद्ध झाला की त्याचा स्पर्धेवर विपरीत परिणाम झाला, असे कायदा गृहीतच धरतो. तो झाला नाही, हे दाखवण्याची जबाबदारी मग कंपन्यांवर येते. करार लेखी असण्याची गरज नाही. तोंडी समजूतही पुरते.

अडचण असते ती करार सिद्ध करण्यात. दर सारखे असणे हा एकट्याने पुरावा होत नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन पेट्रोल पंपांवरचे दर सारखे असले, म्हणून त्यांनी कट केला असे म्हणता येत नाही. एकाने दर वाढवले आणि दुसऱ्याने ते पाहून वाढवले, तर तेही बेकायदा नाही. म्हणून दरांच्या जोडीला इतर दुवे शोधावे लागतात. बैठका, माहितीची देवाणघेवाण, मागणी असूनही घटवलेले उत्पादन हे त्यांपैकी काही.

सिमेंटच्या प्रकरणात नेमके हेच झाले. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून आयोगाने २० जून २०१२ रोजी अकरा कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. सिमेंट उत्पादकांच्या संघटनेलाही दंड झाला. संघटनेच्या माध्यमातून दर आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना दिली गेली, कारखान्यांची क्षमता पूर्ण न वापरता पुरवठा आखडता ठेवला गेला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंड झालेल्या कंपन्यांत एसीसी, अंबुजा, अल्ट्राटेक आणि सेंच्युरी यांचा समावेश होता. घुग्घुसजवळचा एसीसीचा, उपरवाहीचा अंबुजाचा, आवारपूरचा अल्ट्राटेकचा आणि गडचांदूरचा, तेव्हा सेंच्युरीच्या मालकीचा असलेला माणिकगढ, असे या चारही कंपन्यांचे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात होते. आयोगाचा आदेश कंपन्यांच्या देशव्यापी वर्तनाविषयी होता; एखाद्या विशिष्ट कारखान्याविषयी तो नव्हता.

हे प्रकरणही त्याच वळणाने गेले. ज्यांनी सुनावणी पूर्ण ऐकली नाही, त्यांनी निर्णयावर सही करू नये, या तत्त्वावर डिसेंबर २०१५ मध्ये आदेश रद्द झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने नव्याने सुमारे ६,७०० कोटींचा दंड लावला. २५ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी अपीलीय न्यायाधिकरणाने तो कायम केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिले दाखल करून घेतली आणि दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर वसुलीला स्थगिती दिली.

दरम्यान, कारखान्यांचे मालक बदलले. माणिकगढचा कारखाना २०१९ मध्ये सेंच्युरीच्या सिमेंट व्यवसायासह अल्ट्राटेककडे गेला. अंबुजा आणि एसीसी २०२२ मध्ये अदानी समूहाने घेतल्या. ज्या चार कारखान्यांवर २०१२ मध्ये चार कंपन्यांच्या पाट्या होत्या, ते आता दोन समूहांकडे आहेत. याशिवाय नारंडा येथे दालमिया समूहाचा कारखाना आहे. असे व्यवहार कलम ५ आणि ६ खाली आयोगाच्या परवानगीने होतात. विलीनीकरणानंतर त्या बाजारात पुरेसे स्पर्धक उरतात का, नव्या उद्योगाला शिरकाव करता येईल का, हे आयोग तपासतो. आवश्यक वाटल्यास काही मालमत्ता विकण्याची अटही घालतो. येथे कायदा घडून गेलेल्या गैरवर्तनाची शिक्षा देत नाही. पुढे काय घडू शकते याचा अंदाज बांधतो. म्हणूनच हे काम अधिक अवघड मानले जाते.

निविदांची 'रिंग'

सरकारी कंत्राटांच्या परिसरात 'रिंग' हा शब्द सर्वांना परिचित आहे. निविदा भरणारे आधीच भेटतात, यंदा काम कोणी घ्यायचे ते ठरवतात आणि बाकीचे मुद्दाम चढे दर भरून किंवा माघार घेऊन त्याला वाट करून देतात. कधी सगळे तंतोतंत सारखे दर भरून काम वाटून घेतात. कागदोपत्री स्पर्धा दिसते, प्रत्यक्षात ती नसते. जादा पैसा जातो तो निविदा काढणाऱ्या संस्थेचा, म्हणजे बहुतेक वेळा जनतेचा.

एका प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली वेकोलि दुसऱ्या प्रकरणात तक्रारदार होती. कोळसा आणि वाळूच्या वाहतुकीसाठी काढलेल्या निविदांमध्ये वाहतूकदारांनी सारखे दर भरल्याचे तिच्या लक्षात आले आणि तिने आयोगाकडे तक्रार केली. सप्टेंबर २०१७ मध्ये आयोगाने दहा वाहतूक कंपन्यांना संगनमताबद्दल दोषी धरून एकूण ११.८१ कोटी रुपयांचा दंड केला. हा दंड उलाढालीच्या चार टक्के दराने आकारलेला होता.

सारख्या दरांचे याहून गाजलेले उदाहरण धान्य साठवणुकीच्या गोळ्यांचे आहे. भारतीय अन्न महामंडळाने २००९ मध्ये गोदामांतील कीड मारणाऱ्या गोळ्यांसाठी निविदा मागवल्या, तेव्हा तीन कंपन्यांनी किलोमागे ३८८ रुपये असा एकच दर भरला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष उचलून धरला. दंड मात्र कंपनीच्या एकूण उलाढालीवर नव्हे, तर संबंधित वस्तूच्या उलाढालीवर आकारावा, असे सांगितले. याउलट, २०१८ मध्ये गॅस सिलिंडर उत्पादकांच्या प्रकरणात याच न्यायालयाने दंड रद्द केला. तेल कंपन्या हेच मोजके खरेदीदार, त्यांच्याच अटी आणि त्यांचेच दरांचे निकष. अशा बाजारात दर सारखे येण्यासाठी कट करण्याची गरजच नव्हती, असे त्या निकालाचे सूत्र होते.

खरेदीदारांचीही रिंग असते

स्पर्धा कायदा फक्त विक्रेत्यांसाठी आहे, हा एक सार्वत्रिक गैरसमज. कलम ३ मध्ये 'खरेदी वा विक्रीचा दर' असे स्पष्ट शब्द आहेत. जेथे विकणारे हजारो आणि विकत घेणारे मोजके, तेथे खरेदीदारांची एकी विक्रेत्यांना मारक ठरते. गडचिरोलीतील तेंदूपानांचा बाजार समजून घेताना हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

उन्हाळ्यातील काही आठवड्यांचा तेंदू हंगाम हा या भागातील आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार असतो. पूर्वी १९६९ च्या राज्य कायद्यानुसार या व्यापारावर शासनाचे नियंत्रण होते आणि वन विभाग घटकांचा लिलाव करीत असे. वनहक्क कायदा, २००६ आणि पेसा कायद्याच्या अंमलबजावणीनंतर अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. हक्क मिळाला, पण बाजार आपोआप खुला झाला असे नाही. तोडलेले पान फार काळ थांबत नाही, हंगाम लहान असतो आणि मोठे भांडवल असलेले ठेकेदार थोडे. अशा स्थितीत लिलावाला येणाऱ्यांनी आधीच गावे वाटून घेतली, तर ग्रामसभेसमोर बोली लावणारा एकच उरतो. असा आपसातला करार सिद्ध झाला, तर तो कलम ३ चा भंग ठरेल.

बांबूची गोष्टही याच अंगाने पाहता येते. दीर्घकाळ या जंगलातील बांबू कागद गिरण्यांना शासनाच्या करारांनी मिळत असे. गावाला विक्रीचा अधिकार नव्हता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गाव स्वतः खरेदीदार निवडू शकले. विक्रेत्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार असेल तरच स्पर्धेला अर्थ उरतो, हे या उदाहरणातून दिसते. तो अधिकार स्पर्धा कायदा देऊ शकत नाही. तो वनहक्क कायद्यातून आला.

मोहर्लीचा बाजार किती मोठा?

स्पर्धा आयोगासमोरच्या प्रत्येक प्रकरणात एक प्रश्न अटळ असतो. बाजार म्हणजे नेमका कोणता? कायद्याच्या भाषेत याला 'संबंधित बाजारपेठ' म्हणतात. ती वस्तूनुसार आणि भूभागानुसार ठरते. मोहर्लीचे उदाहरण घेतले तर हे लगेच कळते. समजा, येथील एखाद्या निवासाच्या मालकाने दर दुप्पट केले. पर्यटक कोलारा, नवेगाव किंवा झरी प्रवेशद्वाराकडे वळणार असेल, तर बाजार संपूर्ण ताडोबाचा आहे. तो पेंच किंवा कान्हा येथे जाणार असेल, तर बाजार मध्य भारतातील व्याघ्र पर्यटनाचा आहे. पण सफारीचे आरक्षण मोहर्ली द्वाराचेच झालेले असेल आणि पहाटे फाटकावर हजर राहायचे असेल, तर त्या पर्यटकापुरता बाजार मोहर्लीच्या आसपासच संपतो. बाजार जितका मोठा धरावा, तितके एकाचे वर्चस्व लहान दिसते. म्हणूनच बचाव पक्षाचे वकील बाजार मोठा आणि तक्रारदार तो लहान असल्याचे सांगत असतात.

जिप्सीचे भाडे आणि मार्गदर्शकाचे शुल्क व्याघ्र प्रकल्प प्रशासन ठरवते. ते सर्वांना सारखे असते. पण ते नियामक निर्णयाने आलेले असल्याने त्याला कार्टेल म्हणता येत नाही. खासगी निवासांच्या मालकांनी मात्र एकत्र बसून 'यापेक्षा कमी दराने खोली द्यायची नाही' असे ठरवले, तर संघटना कितीही छोटी असली तरी कायद्याची नजर त्यावर पडू शकते. व्यापारी संघटना स्थापन करणे, रस्ते-वीज-पाण्याविषयी एकत्र मागण्या करणे यात गैर काही नाही. संघटनेच्या बैठकीत दरांचा विषय निघाला की धोका सुरू होतो.

तक्रार, चौकशी, दंड

आयोगाकडे कोणीही शुल्क भरून माहिती सादर करू शकते. माहिती देणारा स्वतः नुकसानग्रस्त असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ओला-उबरविषयीच्या प्रकरणात स्पष्ट केले. आयोग स्वतःहूनही दखल घेऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीनुसार घटनेपासून तीन वर्षांच्या आत माहिती देणे अपेक्षित आहे. उशिराचे सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास महासंचालकांमार्फत चौकशी होते, मग सुनावणी आणि आदेश. त्यावरचे अपील राष्ट्रीय कंपनी विधी अपीलीय न्यायाधिकरणाकडे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात जाते.

कार्टेलसाठी, ते जितकी वर्षे चालले त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक तितका दंड होऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीने उलाढालीचा अर्थ कंपनीची जागतिक उलाढाल असा व्यापक केला आणि ६ मार्च २०२४ पासून तो अमलात आला. गुप्त करार उघड व्हावेत म्हणून फुटणाऱ्याला सवलतही आहे. जो पहिला आयोगाकडे येऊन महत्त्वाचा पुरावा देतो, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. २०१८ च्या बॅटरी सेलच्या प्रकरणात पॅनासॉनिकला अशी शंभर टक्के माफी मिळाली, तर तिच्या स्पर्धकांना दंड झाला.

वैयक्तिक फसवणुकीसाठी हा मंच नाही, हेही ध्यानात घ्यावे. एखाद्या दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. गावातील सर्व दुकानदारांनी मिळून दर ठरवले, तर तो स्पर्धा आयोगाचा विषय.

कायद्याची खरी कसोटी

कायद्याची चौकट भक्कम आहे. गती मात्र त्याच्या विरोधात जाते. सिमेंटचा पहिला आदेश २०१२ चा आणि कोळशाचा २०१३ चा. कोळशाच्या प्रकरणात हा कायदा लागू होतो की नाही, हे ठरायलाच जवळपास दहा वर्षे गेली. तेवढ्या काळात घरे बांधून झाली, बिले भरून झाली. दंडाची रक्कम वसूल झाली तरी ती सरकारच्या तिजोरीत जाते. नुकसानग्रस्ताला भरपाई मागण्याची तरतूद कलम ५३ (एन) मध्ये आहे; पण दोष सिद्ध झाल्यावर तिच्यासाठी अपीलीय न्यायाधिकरणापुढे स्वतंत्रपणे उभे राहावे लागते. सिमेंटच्या पाच-पन्नास पोत्यांसाठी किंवा तेंदूच्या एका हंगामासाठी दिल्लीपर्यंत जाणे कोणाला परवडेल, हा प्रश्न उरतोच.

तरीही या प्रकरणांनी एक बदल घडवला आहे. निविदा काढणाऱ्या सार्वजनिक संस्था सारख्या दरांकडे संशयाने पाहू लागल्या आहेत आणि सरकारी कंपनीलाही आपल्या करारातील अटींचा जाब द्यावा लागतो. ग्रामसभा, गृहनिर्माण संस्था, नगरपालिका यांनी आपल्याकडे आलेल्या निविदा आणि बोलींची नोंद वर्षानुवर्षे जपून ठेवली, तर तोच उद्या सर्वांत मोलाचा पुरावा ठरू शकतो. रिंगचा करार कागदावर नसतो. तिच्या खुणा दरांच्या जुन्या तक्त्यांतच सापडतात.